गीझर गळतोय? आधी पाना खाली ठेवा

थेंब जिथून पडतो, तिथे गळती असतेच असं नाही. बहुतेक वेळा नसतेच. पाणी वरच्या सांध्यातून सुटतं, गीझरच्या अंगावरून ओघळतं, खालच्या झाकणाच्या कडेला जमा होतं आणि तिथून टपकतं. आपण खाली उभं राहून वर बघतो, टपकणारी जागा पाहतो आणि तिथलाच नट आवळतो. आमच्या कॉलनीत दिवाळी उलटून थंडी पडू लागली की दरवर्षी हेच होतं. आठ महिने बंद असलेल्या गीझरचे रबरी वॉशर कडक झालेले असतात, पहिल्यांदा तापवला की सांधे हलतात आणि गळती सुरू होते. मला फोन येतो तोवर बादली खाली लागलेली असते, पाना फिरवून झालेला असतो आणि कुणा भियाने "टंकी गई, नया ले लो" असं सांगूनही टाकलेलं असतं. (भिया म्हणजे आमच्या इंदुरात पोहेवाल्यापासून प्लंबरपर्यंत सगळेच.)

मी प्लंबर नाही. पीथमपूरच्या एका कारखान्यात देखभाल विभागात बरीच वर्षं काढली, तेवढाच अधिकार. आणि एक चूक स्वतः केलेली आहे, तिच्याविषयी पुढे सांगतो.

हा लेख भिंतीवर उभ्या टांगलेल्या, १० ते २५ लिटरच्या विजेच्या गीझरसाठी आहे. स्वयंपाकघरातल्या ३ लिटरच्या छोट्या गीझरलाही यातलं बरंचसं लागू पडतं. गॅस गीझरला मात्र यातलं काहीही करून पाहू नका. तिथे पाण्याबरोबर गॅसच्या जोडण्या आणि कार्बन मोनॉक्साइडचा धोका असतो, ते काम त्याच्या माणसाचं.

तयारी

काम नळाच्या दिवशी काढू नका. नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं, त्या सकाळी घरात आधीच भांडी, टाक्या आणि मोटरची धावपळ असते. मधला दिवस धरा. गच्चीवरची टाकी भरलेली असावी आणि दोन बादल्या आधीच काढून ठेवाव्यात, कारण गच्चीवरचा वॉल्व बंद करायची वेळ आली तर घरभर पाणी नसेल. सकाळी सुरुवात करा. एक वॉशर कमी पडला की दुकान उघडं लागतं. गल्लीतल्या दुकानात माप मिळालं नाही तर सियागंजात हार्डवेअर आणि महाराणी रोडवर विजेचं सामान मिळतं, पण जुना भाग खिशात घालून न्या. "अर्धा इंचाचा वॉशर" एवढं सांगून आणलेला वॉशर तीनदा बदलावा लागतो.

जवळ काय असावं:

- दोन पाने. एक नट फिरवायला आणि दुसरा मागचा भाग धरून ठेवायला. एकाच पान्याने काम करणं ही अर्ध्या अपघातांची सुरुवात आहे.
- टेस्टर, पेचकस, जमल्यास मल्टिमीटर.
- टेफ्लॉन टेप, अर्ध्या इंचाचे रबरी वॉशर चार-पाच.
- कोरडी सुती फडकी आणि टिश्यू पेपरच्या पट्ट्या. टिश्यू नसेल तर वर्तमानपत्राच्या पट्ट्या चालतील.
- भक्कम स्टूल किंवा घडीची शिडी. कमोडवर पाय ठेवून चढू नका.
- रबरी चपला, कोरड्या.

गीझर वॉरंटीत असेल तर झाकण उघडू नका. फक्त पहिले तीन टप्पे करा, गळती कुठे आहे ते टिपा आणि कंपनीच्या माणसाला बोलवा. तो आला की तुम्ही "टपकतंय" एवढंच न सांगता "वीज बंद असतानाही सुरक्षा वॉल्वच्या खालच्या नळीतून येतंय" असं सांगू शकाल. (सुरक्षा वॉल्व म्हणजे गीझरच्या थंड नळीवर बसवलेला, टाकीतला जास्तीचा दाब बाहेर सोडणारा भाग.) बिलात फरक पडतो.

टप्पा १ : वीज तोडा

बाथरूमबाहेरचं बटण बंद करणं म्हणजे वीज तोडणं नव्हे. जुन्या घरांत वायरिंग करताना कित्येकदा फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (परतीची वायर) यांची अदलाबदल झालेली असते. बटण न्यूट्रल तोडतं आणि फेज गीझरपर्यंत जिवंत राहते. म्हणून मुख्य बोर्डावरची गीझरची एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच) खाली करा. कोणती कुणाची ते लिहिलेलं नसेल तर मेन बंद करा.

मग टेस्टरने तपासा, पण टेस्टरवरही डोळे झाकून विश्वास नको. आधी चालू असलेल्या दुसऱ्या सॉकेटमध्ये (मेन बंद करायच्या आधी) तो पेटतो का पाहा. मेलेल्या टेस्टरने "वीज नाही" असं सांगितलं म्हणजे वीज नसतेच असं नाही.

थांबा : गीझरच्या ओल्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असतील, नळाच्या पाण्यातून चटका लागला असेल किंवा आरसीसीबी (वीज गळली की पडणारा स्विच) पुन्हा पुन्हा पडत असेल, तर हे काम इथेच थांबवा. एमसीबी खालीच ठेवा आणि इलेक्ट्रिशियनला बोलवा. त्याला अर्थिंग तपासायला सांगा. घरात ३० मिलिअँपियरची आरसीसीबी नसेल तर तीही बसवून घ्या.

आणखी एक इशारा. सुरक्षा वॉल्वमधून थेंबांऐवजी वाफ किंवा उकळतं पाणी उसळत असेल, तर थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापलं की वीज तोडणारा भाग) निकामी झालाय आणि पाणी तापतच चाललंय. एमसीबी पाडा, बाथरूममधून बाहेर या आणि गरम नळ सोडू नका. दोन-तीन तास निवू द्या. हा गीझर मिस्त्रीने थर्मोस्टॅट आणि कटआउट (थर्मोस्टॅट चुकला तर वीज तोडणारा भाग) पाहिल्याशिवाय पुन्हा चालू करायचा नाही.

टप्पा २ : पाणी कुठे बंद होतं ते शोधा

गीझरच्या थंड बाजूला एक छोटा अँगल कॉक असतो. तो फिरतो का, ते आज शांतपणे पाहा. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरांत तो क्षारांनी जाम झालेला असतो. माळव्याचा खडक बेसाल्टचा, त्यातून येणारं बोअरचं पाणी जड, आणि जड पाणी तापलं की चुना सोडतं. आपल्याकडच्या गीझरांचं निम्मं दुखणं तिथूनच सुरू होतं.

कॉक हाताने फिरत नसेल तर पान्याने जोर लावू नका. त्याची दांडी मोडली की पाणी बंद करायची जागाच उरत नाही. गच्चीवर जा आणि बाथरूमच्या लाइनचा वॉल्व बंद करा. तोही जाम असेल, तर गीझरच्या आधी त्या वॉल्वचं काम करून घ्या.

थंड कोणती आणि गरम कोणती? गीझरच्या नळ्यांपाशी निळी आणि लाल खूण असते. निळी थंड, लाल गरम. खूण पुसली असेल तर सुरक्षा वॉल्व ज्या बाजूला बसवलाय ती थंड.

पाहणी : कॉक बंद केला आणि गरम नळ सोडला. धार काही सेकंदांत थांबली तर कॉक धरतोय. धार बारीक होऊन चालूच राहिली तर कॉक धरत नाही, गच्चीवर जाणं आलं.

टप्पा ३ : पुसा, आणि वाट पाहा

हा टप्पा कुणी करत नाही. सगळा लेख खरं तर याच्यासाठीच लिहिलाय.

वीज बंदच ठेवा, पण पाणी पुन्हा चालू करा. गीझर गरम असेल तर गरम नळ सोडून गार पाणी येईपर्यंत वाहू द्या, म्हणजे टाकी निवेल. नुसतं थांबून राहिलात तर टाकीभोवतीच्या फोममुळे ती कित्येक तास कोमटच राहते. मग सगळे नळ बंद करा आणि गीझर वरून खालपर्यंत कोरड्या फडक्याने पुसा. नळ्या, नट, वॉल्व, भिंतीतून आलेले सांधे, सगळं पुसा. वरचा माथाही पुसा. एकदा एका नातेवाइकांकडे "गीझरची गळती" म्हणजे वरच्या मजल्याच्या बाथरूमचं छतातून पाझरणारं पाणी निघालं. गीझरवर पडायचं, खाली टपकायचं. दोन मिस्त्री येऊन गेले होते आणि एकानेही वर पाहिलं नव्हतं.

आता टिश्यूची एकेक पट्टी प्रत्येक सांध्याभोवती गुंडाळा : थंड नळीच्या दोन्ही टोकांना, गरम नळीच्या दोन्ही टोकांना, वॉल्वच्या मानेला आणि खालच्या झाकणाच्या कडेने एक. वॉल्वच्या सुटत्या नळीखाली एक कप ठेवा. अर्धा तास थांबा. पोहे होऊन जातात तेवढ्यात.

मग वरून खाली अशा क्रमाने पट्ट्या पाहा. सगळ्यात वरची जी ओली झाली, ती गळतीची जागा. तिच्याखालच्या ओल्या पट्ट्या तिचीच पिल्लं.

सगळ्या कोरड्या राहिल्या तर दुसरी परीक्षा. हात कोरडे करा, एमसीबी वर करा, गीझर चालू करा आणि तापून दिवा विझेपर्यंत थांबा. या वेळात त्याला हात लावायचा नाही, फक्त पाहायचं. दिवा विझला की एमसीबी पुन्हा खाली, आणि मगच पट्ट्या तपासायच्या. अर्थात टप्पा १ मधला झिणझिण्यांचा प्रकार घडला असेल तर ही परीक्षा नाहीच.

या दोन परीक्षांतून निदान जवळजवळ पूर्ण होतं :

- थंड असतानाच एखादी पट्टी भिजली. सांधा किंवा वॉशर गेलाय, तो कसा बदलायचा ते पुढे आहे.
- थंड असताना कोरडं, तापताना फक्त कपात पाणी आलं आणि दिवा विझल्यावर थोड्या वेळात थांबलं. हा बिघाडच नाही. पाणी २० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की साधारण दीड टक्का फुगतं. १५ लिटरच्या टाकीत ते जवळपास पाव लिटर होतं. थंड बाजूचा एकमार्गी पडदा त्याला मागे जाऊ देत नाही, मग जास्तीचं पाणी वॉल्वमधून बाहेर येतं. वॉल्व त्यासाठीच असतो.
- कपात गार पाणी दिवसभर, वीज बंद असतानाही. वॉल्वच्या बैठकीत कण अडकलाय, वॉल्व गेलाय किंवा प्रेशर पंपाचा दाब जास्त आहे.
- खालच्या झाकणाच्या आतून ओल. पाणी तापवणारा एलिमेंट ज्या चकतीवर बसवलेला असतो त्या फ्लेंजचं गॅस्केट गेलंय.
- कोणताच सांधा ओला नाही, पण पत्र्याच्या जोडातून किंवा फोममधून तांबूस पाणी. टाकी फुटली.

पावसाळ्यात थंड नळीवर दव धरतं आणि टपकतं, त्याला गळती समजू नका. पुसल्यावर अंगभर बारीक थेंब सारखे उमटले तर ते दव.

मोठी चूक : वॉल्वमधून पाणी येतं म्हणून त्याच्या नळीला डमी ठोकणं किंवा एम-सील थापणं. मी हे सुशिक्षित घरांत पाहिलंय. ती नळी बंद केली आणि एखाद्या दिवशी थर्मोस्टॅट चिकटला, तर आत तयार होणाऱ्या दाबाला जायला जागा नाही. मग फुटेल ती टाकी. नळी नको वाटत असेल तर तिला लवचीक पाइप जोडून मोरीकडे न्या, पण टोक उघडं ठेवा. वॉल्व आणि टाकी यांच्यामध्ये कोणताही कॉक बसवायचा नाही, हेही याच कारणासाठी.

टप्पा ४ : टाकी रिकामी करा

फक्त बाहेरच्या नळ्यांचं काम असेल तर दाब उतरवणं पुरेसं आहे : थंड कॉक बंद, गरम नळ उघडा, धार थांबू द्या. गरम बाजूच्या नळ्यांसाठी एवढंच लागतं. थंड बाजूला, वॉल्वला किंवा एलिमेंटला हात घालायचा असेल तर टाकी रिकामी करावी लागते.

आणि इथे सगळे फसतात. गरम नळ सोडला, पाणी थांबलं, म्हणजे टाकी रिकामी झाली असं वाटतं. नाही झाली. गरम पाण्याची नळी टाकीच्या आत पार माथ्यापर्यंत गेलेली असते. खालून थंड पाणी ढकलतं तेव्हाच वरचं गरम पाणी त्या नळीत उतरतं. थंड पाणी बंद केलं की ढकलणारं कुणी नाही आणि टाकी तुडुंब भरलेली तशीच राहते. मग माणूस खाली उभा राहून फ्लेंजचे नट सोडतो आणि १५ लिटर पाणी थेट डोक्यावर घेतो. डिसेंबरात.

बरोबर क्रम असा :

१. वीज बंद, टाकी गार झालेली. मागच्या टप्प्यात दुसरी परीक्षा केली असेल तर पाणी आता पुन्हा कढत आहे. एमसीबी पाडून गरम नळातून गार पाणी येईपर्यंत वाहू द्या.
२. थंड कॉक बंद.
३. गरम नळ उघडा आणि उघडाच ठेवा. आता त्यातून हवा आत जाते.
४. सुरक्षा वॉल्वची छोटी दांडी उचलून ठेवा. टाकी थंड बाजूने, खालून रिकामी होऊ लागेल. खाली बादली लावा, वेळ लागतो. दांडी नसेल तर थंड नळी सावकाश सैल करा आणि बाजूला उभे राहा.
५. बादलीत किती आलं ते मोजा. १५ लिटरच्या गीझरमधून ६-७ लिटरच आले असतील तर आत अजून पाणी आहे किंवा चुन्याने तोंड अडलंय. घाई नको.

टप्पा ५ : दुरुस्ती

कनेक्शन पाइप

सगळ्यात जास्त वेळा दोष इथेच असतो आणि सगळ्यात जास्त नासाडीही इथेच होते. या लवचीक पाइपाच्या नटात रबरी वॉशर असतो आणि पाणी अडवण्याचं काम तो वॉशर करतो, आटे नाही. त्यामुळे इथे टेफ्लॉन टेप गुंडाळून काही मिळत नाही. उलट जाड टेपमुळे नट पुरता बसत नाही आणि वॉशर दबत नाही. जुना वॉशर काढा, नटाच्या आत चिकटलेला तुकडाही खरवडून काढा, बैठक पुसा, नवा वॉशर बसवा. नट हाताने जाईल तिथपर्यंत फिरवा आणि मग पान्याने पाव ते अर्धा वेढा. बस.

टेप लागतो तो आटे आट्यांत बसतात तिथे, म्हणजे वॉल्वच्या किंवा निपलच्या सांध्यात. आटे ब्रशने साफ करा. आट्यांचं तोंड स्वतःकडे धरून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने टेप गुंडाळा, पहिला आटा उघडा सोडून, ताणून आठ-दहा वेढे. उलट दिशेने गुंडाळला तर सांधा फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येतो. अनुभवी हातांचीही ही चूक होते.

आता माझी गोष्ट. थंड नळीच्या नटातून थेंब येत होता. वॉशर बदलायचा कंटाळा, म्हणून मोठा पाइप पाना घेतला आणि "थोडासा" आवळला. मागचा भाग दुसऱ्या पान्याने धरला नव्हता. आधी नट फिरला, मग नटाबरोबर टाकीची नळीच फिरली. एक बारीक "कर्र" झालं, आवाज अगदी सुपारी फुटल्यासारखा. टाकीला जिथे नळी जोडलेली असते तो जोडच तडकला होता. एका वॉशरच्या आळसापायी अख्खा गीझर बदलला. म्हणून वर दोन पाने लिहिलेत.

पाइपाच्या जाळीवर गंजाचे डाग किंवा फुगवटा असेल तर वॉशर बदलत बसू नका, पाइपच बदला. गरम बाजूचा पाइप गरम पाण्यासाठीचाच घ्या. भिंतीतून येणारी गरम लाइन साध्या पीव्हीसीची असेल तर तीही कधीतरी सुटणार. गरम पाण्याला सीपीव्हीसी लागतो.

सुरक्षा वॉल्व

आधी धुऊन पाहा. गीझर गार, पाणी चालू, दांडी दोन-तीनदा उचलून सोडा. जोराच्या धारेबरोबर अडकलेला कण निघून जातो आणि पुष्कळदा एवढ्यानेच काम होतं. कपात थेंब चालूच राहिले तर वॉल्व बदला. त्याला उघडून दुरुस्त करण्याच्या भानगडीत पडू नका.

नवा घेताना गीझरवरची पट्टी वाचा. त्यावर दाब लिहिलेला असतो, जसं ०.८ एमपीए म्हणजे ८ बार. वॉल्व तितक्याच किंवा कमी दाबाचा घ्या, जास्तीचा कधीही नाही. वॉल्वच्या अंगावर बाण असतो, तो टाकीच्या दिशेने हवा. उलटा बसवला तर गरम नळाला पाणीच येणार नाही आणि तुम्ही दोष टाकीला द्याल.

नवा वॉल्वही दिवसभर गळत असेल तर दाब मोजून घ्या. दुमजली घरात गच्चीवरच्या टाकीचा दाब एक बारच्या आतबाहेर असतो, कारण १० मीटर उंचीला साधारण १ बार. एवढ्याने वॉल्व उघडत नाही. प्रेशर पंप किंवा उंच इमारतीची लाइन असेल तर दाब कमी करणारा वॉल्व आधी बसवावा लागतो.

एलिमेंट आणि फ्लेंज

हे काम विजेशी जोडलेलं आहे. एमसीबी पडलेली आहे हे पुन्हा एकदा, हो पुन्हा, तपासा. खालचं झाकण काढा आणि वायरींना हात लावण्याआधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा. माझं लक्षात राहील असं म्हणणाऱ्याचं कधीच राहत नाही.

वायरी सोडा, थर्मोस्टॅटची पातळ तांब्याची नळी असेल तर ती न वाकवता बाहेर काढा, फ्लेंजचे नट सोडा. एलिमेंट खाली ओढताना बादली धरा, गाळ येतो. माझ्याकडे गेल्या वर्षी चुन्याचे कपचे निघाले, थेट बत्ताशांसारखे, एलिमेंटवर बोटभर जाड. त्याच्या बाजूला एक बारीक काळसर तार लोंबत होती, ती मॅग्नेशियमची दांडी होती म्हणे. ही दांडी टाकीच्या बदल्यात स्वतः गंजते, तेवढ्यासाठीच ती असते. ती संपली की गंज टाकीकडे वळतो. निम्म्याहून कमी उरली असेल किंवा मधली तार दिसत असेल तर बदला. बोअरच्या पाण्यावर दर वर्षी उघडून पाहावी.

एलिमेंटवरचा चुना लिंबूसत्त्वाच्या पाण्यात किंवा व्हिनेगरमध्ये काही तास बुडवून ठेवला की सुटतो. तारांची टोकं मात्र भिजू देऊ नका. संडास धुण्याचं तेजाब नको, ते धातूही खातं. टाकीच्या आतला गाळ हाताने आणि फडक्याने काढा. पेचकसाने खरवडू नका, आतला काचेचा थर उडाला की तिथूनच टाकी गंजते.

मल्टिमीटर असेल तर आत्ताच दोन गोष्टी मोजा. एलिमेंटच्या दोन टोकांमध्ये २००० वॉटच्या गीझरसाठी साधारण २६ ओहम यायला हवेत. आणि एकेक टोक व धातूचं अंग यांच्यामध्ये काहीच जोड दिसता कामा नये. दिसला तर एलिमेंट फुटलाय, तोच शॉक देत होता. बदला.

गॅस्केट नवंच घाला. जुनं उलटून बसवणं ही माळव्यातली काटकसर इथे चालत नाही. बैठक पुसून कोरडी करा, फ्लेंज बसवा, सगळे नट आधी हाताने. मग पान्याने समोरासमोरचे, थोडे थोडे, दोन-तीन फेऱ्यांत. एकाच बाजूचा नट आधी पुरता आवळला की फ्लेंज तिरका बसतो आणि दुसऱ्या बाजूने गळतो.

वायरी मात्र अजून जोडायच्या नाहीत.

टप्पा ६ : भरा, पाहा, मग वीज

१. गरम नळ उघडा ठेवून थंड कॉक सावकाश सोडा. आधी हवा फुसफुसेल, मग थुंकल्यासारखं पाणी, मग सरळ धार. सरळ धार मिनिटभर चालू द्या. टाकी आता भरली.
२. गरम नळ बंद. पुन्हा टिश्यूच्या पट्ट्या, पुन्हा अर्धा तास. झाकण उघडंच असू द्या, म्हणजे फ्लेंजची कड दिसेल.
३. कोरडं असेल तर फोटो पाहून वायरी जोडा. हिरवी अर्थिंगची वायर तिच्या स्क्रूला घट्ट. स्क्रू सैल राहिला की टोक तापतं आणि जळतं : २००० वॉट म्हणजे ८-९ अँपियर, म्हणून सॉकेटही १६ अँपियरचंच हवं. भाजलेला प्लग दिसला तर तोही बदला.
४. झाकण लावा, मग एमसीबी वर.

घोर चूक : टाकी भरण्याआधी बटण दाबणं. कोरड्या टाकीत एलिमेंट बघता बघता जळतो आणि दुरुस्ती पुन्हा पहिल्यापासून. घरातल्या सगळ्यांना सांगा किंवा काम संपेपर्यंत बटणावर चिकटपट्टी लावा. आमच्याकडे "पाणी तापायला टाकलंय हं!" असं प्रेमाने सांगणारी मंडळी असतात.

पहिल्यांदा गरम झाल्यावर सांधे थोडे बसतात. म्हणून एमसीबी पाडून आणि निवू देऊन प्रत्येक नट एकदा पाहा. पट्टी कोरडी असेल तर हात लावायचा नाही. "जरा आवळून ठेवू" हाच तो मोह.

टाकीच गेली असेल तर

तांबूस पाणी फोममधून येत असेल तर दुरुस्ती शोधू नका. एम-सील दाब आणि उष्णतेत टिकत नाही. काचेच्या थराच्या टाकीला वेल्डिंग केलं तर आतला थर जळतो आणि शेजारीच नवं भोक पडतं. टाकीची वॉरंटी मात्र बाकीच्या भागांपेक्षा जास्त वर्षांची असते, जुनं बिल शोधा. टाकी तांब्याची असेल तर ती डाग देऊन चालू शकते, आणि नाहीच चालली तर भंगारवाल्याला गीझरच्या नाही, तांब्याच्या भावाने द्या.

नवा घेताना आयएसआयची खूण पाहा (या गीझरांचं भारतीय मानक आयएस २०८२). भरलेला २५ लिटरचा गीझर ३५ किलोच्या आसपास जातो, म्हणून लाकडी गुट्ट्यांवर नाही, अँकर फास्टनरवर टांगून घ्या. बसवणाऱ्याला आधीच सांगा : सुरक्षा वॉल्व डब्यातलाच लावायचा आणि त्याची नळी उघडी ठेवायची. हा वॉल्व काढून खिशात घालणारे मी पाहिलेत.

दुरुस्ती झाली असो की नवा बसला असो, मार्कर घेऊन गीझरच्या बाजूला तीन तारखा लिहा : बसवल्याची, गॅस्केटची, मॅग्नेशियमच्या दांडीची. आणि कप आणखी दोन दिवस वॉल्वखाली राहू द्या. १५ लिटरच्या गीझरमधून एका तापवण्यात पाव लिटरपर्यंत येईल. त्याहून बरंच जास्त आलं, किंवा सकाळी उठल्यावर, गीझर रात्रभर बंद असताना, कप भरलेला सापडला, तर टप्पा ३ वर परत.